पायाने सुरू होणारी मोटार

आजची मोटार सुरू करावयाची म्हणजे एक किल्ली फिरवावयाची किंवा बटण दाबावयाचे. त्या बटणामागे काय घडते हे चालविणाऱ्यास ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. परंतु एक काळ असा होता की, मोटार सुरू करण्याचे काम चालकाच्या पायाकडे असे. आणि ते पायाला नीट जमले नाही, तर गाडीच्या पोटातून असा कर्कश आवाज निघे की, आळीतील माणसे दारात येऊन उभी राहत. त्या पायाच्या यंत्राची, त्याच्या बिघाडाची आणि दुरुस्तीची ही हकीकत आहे. ती मी आमच्या घरीच अनुभविली. तिच्यातून पदार्थविज्ञानाचे जे दोन-चार धडे मला वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा गिरवावे लागले, ते मी ज्या शाळेत प्रथम शिकलो त्या शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बडोद्यात माझ्या मामांच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली १९४७ सालची एक शेवरोलेट फ्लीटमास्टर गाडी उभी आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. परदेशातून पेटाऱ्यांत भरून आलेले सुटे भाग तेथे जोडले जात आणि तयार झालेल्या गाड्या देशभर जात. माझ्या आजोबांनी घेतलेली ही गाडी त्यांपैकीच एक. मामा १९५७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हिच्यावरच मोटार हाकावयास शिकले. पुढे नव्या गाड्या आल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि १९८८ पासून ही गाडी जी थांबली ती थांबलीच.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. मामांना घेऊन मी तो पाहावयास गेलो. मामांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते, आणि दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी चालविणे कधीच सोडले होते. ते प्रत्येक गाडीजवळ थांबत, डोळे बारीक करून आत वाकून पाहत. परतताना वाटेत ते काही बोलले नाहीत. घराच्या दारात उतरल्यावर मात्र म्हणाले, “अरे, आपली गाडी मला एकदा माझ्या पायाने सुरू करायची आहे. रस्त्यावर नको, जागेवरच. पण माझ्या पायाने.”

मी सहज विचारले, “मामा, पायाने सुरू करायची म्हणजे नेमके काय करायचे?”

“पेडल दाबायचे. पण एकदम नाही. त्यात दोन पायऱ्या असतात. बाबांनी मला त्या डोळे मिटायला लावून शिकवल्या होत्या. पहिली पायरी लागली की दुसरी.”

हे बोलणे मला तेव्हा समजले नाही. म्हाताऱ्या माणसाची आठवण, एवढेच मी मनाशी म्हटले.

गाडीचे बाकीचे काम पावसाळ्यापर्यंत उरकले. गंजलेली पेट्रोलची टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, पाण्याच्या रबरी नळ्या बदलल्या, तेल बदलले. इंजिन हाताने फिरवून पाहिले तर ते मोकळे होते. नवी बॅटरी आणली. मग मी स्वतः पेडल दाबले, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा तो भयंकर आवाज प्रथमच ऐकला. इंजिन तसूभरही फिरले नाही.

ज्यांच्या गॅरेजमध्ये काम चालले होते त्यांनी सरळ सल्ला दिला, “हे जुने झंझट काढून टाका. विद्युच्चुंबकाचा स्विच बसवतो आणि समोर एक बटण देतो. अर्ध्या दिवसाचे काम आहे.” हा सल्ला वाईट नव्हता. खुद्द शेवरोलेटनेच १९४९ सालापासून आपल्या प्रवासी गाड्यांत पायाचे पेडल काढून बटण दिले होते. मीही मनाने बटणाकडे झुकलो होतो. मामांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मग पेडल काय शोभेला ठेवणार?” त्यावर मला उत्तर सुचले नाही. पेडल दुरुस्त होण्यासारखे आहे की नाही, हे ठरवावयाचे तर ते काय करते हे आधी समजून घेणे भाग होते.

विजेवर चालणारे यंत्र प्रवाह मिळताच आपोआप फिरू लागते. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. सिलिंडरात हवा व पेट्रोलची वाफ ओढून घेतली पाहिजे, दट्ट्याने ती दाबली पाहिजे, आणि मगच ठिणगी पडून स्फोट होतो व जोर मिळतो. म्हणजे पहिला जोर मिळण्यापूर्वी कुणीतरी बाहेरून इंजिन फिरविले पाहिजे. आरंभीच्या काळी हे काम माणूस करी. गाडीच्या पुढच्या बाजूस लोखंडी दांडा घालून तो फिरवावा लागे. त्यालाच आपल्याकडे ‘हँडल मारणे’ म्हणत. त्यात धोका असे. ठिणगी वेळेच्या आधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. जुन्या चालकांनी आपल्या शागिर्दांना अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूस ठेवावयास शिकविले, ते याच अनुभवावरून.

हे काम विजेकडे सोपविण्याचे श्रेय मुख्यतः चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. ओहायो प्रांतातील डेटन या गावी त्याने १९११ साली आपली योजना सिद्ध केली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम विक्रीस आली. त्याआधी केटरिंग दुकानांतील रोकड यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत होता. त्या यंत्राचा खण उघडण्यासाठी त्याने एक लहानशी विद्युत मोटर वापरली होती. सतत चालावयाचे असते तर एवढ्याशा मोटरला ते काम झेपले नसते. परंतु क्षणभरच जोर लावावयाचा असल्यामुळे ती तापून जळण्यापूर्वीच तिचे काम संपे. मोटारीच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडले. इंजिन सुरू करावयास काही सेकंद पुरतात; तेव्हा त्या काही सेकंदांपुरता लहान मोटरवर मोठा भार टाकण्यास हरकत नाही. आजही जाणते लोक स्टार्टर सलग फार वेळ दाबून ठेवू नये, मध्ये विश्रांती द्यावी, असे सांगतात त्याचे कारण हेच.

आता दुसरी अडचण पाहा. आमच्या शेवरोलेटचे इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेतीन लिटरचे. एवढे धूड एका लहान मोटरने फिरवावयाचे कसे? येथे दातेरी चाकांचे गणित मदतीस येते. इंजिनाच्या मागील टोकास एक जड चाक असते. त्यास फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या कडेवर दात असलेली पोलादी रिंग घट्ट बसविलेली असते. तिला सुमारे १४० दात. स्टार्टर मोटरच्या आसावरील छोट्या दातेरी चाकास, म्हणजे पिनियनला, नऊ-दहा दात. याचा अर्थ पिनियन सुमारे पंधरा वेळा फिरेल तेव्हा फ्लायव्हील एकदा फिरेल. वेग पंधरा पटींनी कमी होईल आणि फिरविण्याचा जोर, घर्षण सोडल्यास, पंधरा पटींनी वाढेल. तरफेचाच हा नियम, फक्त गोल आकारात.

परंतु हाच लाभ पुढच्या क्षणी संकट ठरू शकतो. इंजिन सुरू झाले आणि मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले, तेव्हा पिनियन जर दातांत अडकूनच राहिले, तर मोटर मिनिटाला ४५,००० फेऱ्यांनी फिरविली जाईल. एवढ्या वेगात तिच्यातील तांब्याच्या तारा केंद्रोत्सारी जोराने खाचांतून उखडून बाहेर येतील. म्हणून दोन गोष्टी अवश्य ठरतात. एक, पिनियन कामापुरतेच दातांत जावे आणि काम होताच मागे यावे. दोन, ते मागे येण्यास किंचित उशीर झाला तरी मोटर वाचली पाहिजे.

दुसऱ्या गोष्टीसाठी पिनियनच्या मागे एक एकेरी क्लच असतो. सायकलच्या मागील चाकातील फ्रीव्हील तुम्ही पाहिलेच आहे. पायडल पुढे मारले की चाक फिरते, परंतु पाय थांबला तरी चाक मोकळे फिरत राहते. या क्लचमध्ये निमुळत्या खाचांतून पोलादी रूळ ठेवलेले असतात. मोटर पिनियनला फिरविते तेव्हा रूळ खाचेच्या अरुंद भागात जाऊन गच्च बसतात. इंजिनच पिनियनला फिरवू लागले की ते रुंद भागात सरकून मोकळे होतात. परंतु हा क्लच क्षणभराच्या रक्षणासाठी आहे. मिनिटभर त्याच्यावर विसंबले तर तोही जळून जातो.

आता पायाच्या पेडलाकडे वळू. आमच्या गाडीत ते तळाच्या फळीवर, अ‍ॅक्सिलरेटरच्या जवळच आहे. पेडलाखालची सळई फळीतून खाली उतरते आणि स्टार्टरवर बसविलेल्या एका तरफेला ढकलते. या तरफेकडे दोन कामे असतात. तिचे खालचे टोक चिमट्यासारखे दुभागलेले असून ते क्लचच्या खाचेत बसते आणि पिनियनला आसावरून सरकवीत रिंगेच्या दातांत नेते. तिचे वरचे टोक पुढे जाऊन एका जाड स्विचची गुंडी दाबते. गुंडी दाबली की आतील तांब्याची चकती दोन टोकांना जोडते आणि बॅटरीतून प्रवाह मोटरकडे धावतो. हा प्रवाह लहानसहान नाही. बॅटरी अवघी सहा व्होल्टची. पण इंजिन फिरविताना दीडशे ते दोनशे अँपिअर प्रवाह वाहतो. घरातील दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल.

या साऱ्या रचनेचे मर्म दोन्ही कामांच्या क्रमात आहे. आधी दात दातांत पूर्ण बसले पाहिजेत; त्यानंतरच वीज आली पाहिजे. वीज आधी आली तर पिनियन गरगर फिरू लागते, आणि फिरणारे दात स्थिर दातांत शिरू पाहताना त्यांची टोके खरवडून काढतात. तोच तो कर्कश आवाज. कधी कधी पिनियनचा दात नेमका समोरच्या दातावरच टेकतो, आणि आत जावयास वाट राहत नाही. त्याचीही सोय रचनाकारांनी केली आहे. पिनियनमागे एक स्प्रिंग असते. दात अडला तर ती दबते, तरफ पुढे जाऊन स्विच दाबते, आणि मोटर किंचित फिरताच दातासमोर फट येऊन स्प्रिंग पिनियनला आत ढकलून देते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

हे समजल्यावर मला मामांच्या ‘दोन पायऱ्यां’चा अर्थ उमगला. पेडल दाबू लागले की प्रथम परतीच्या स्प्रिंगचा मऊ विरोध लागतो. दात बसले की पायाला एक हलकीशी अटक जाणवते. त्यानंतर स्विचची ताठर स्प्रिंग लागते. पहिली पायरी दातांची, दुसरी विजेची. ज्यास हे ठाऊक आहे तो पहिल्या पायरीवर निमिषभर थांबतो. आजोबांनी मुलाला डोळे मिटायला लावले, कारण ही गोष्ट पाहून नव्हे, पायाच्या तळव्यानेच शिकावयाची होती.

मग आमच्या गाडीत क्रम का बिघडला होता? स्टार्टर खाली उतरवून टेबलावर ठेवला तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. तरफेचे जे टोक स्विचची गुंडी दाबते, त्यावर कुणीतरी तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी चकती डाख देऊन बसविली होती. ती कारखान्यातील नव्हती. तिच्यामुळे स्विच तीन मिलिमीटर आधीच दाबला जात होता आणि पिनियन दातांत पूर्ण पोहोचण्यापूर्वीच वीज येत होती.

ही चकती बसविणारा कारागीर मूर्ख होता असे मला वाटत नाही. त्याच्यासमोरची अडचण खरी होती. पेडलापासून तरफेपर्यंत चार ठिकाणी पिनांचे सांधे होते. व्हर्नियरने मोजता मूळच्या आठ मिलिमीटरच्या पिना झिजून ७.४ मिलिमीटर झालेल्या आढळल्या. त्यांची गोल छिद्रे लांबट होऊन ८.६ मिलिमीटरवर गेली होती. म्हणजे एकेका सांध्यात १.२ मिलिमीटरची ढिलाई, आणि चार सांध्यांत मिळून जवळजवळ पाच मिलिमीटर. पाय पुढे जाई, परंतु त्यातील बराचसा प्रवास या ढिलाईतच विरून जाई. भरीस भर म्हणून कुणी हौसेने पेडलाखाली दुहेरी जाजम अंथरले होते. त्यामुळे पेडल पूर्ण खाली जातच नव्हते. परिणामी तरफ शेवटपर्यंत पोहोचेना, स्विच दाबला जाईना, गाडी सुरू होईना. झीज भरून काढण्याऐवजी त्या कारागिराने स्विचच तरफेच्या जवळ आणला. त्या दिवशी गाडी सुरू झाली असेल. परंतु त्यानंतर प्रत्येक वेळी फ्लायव्हीलचे थोडेथोडे दात खाल्ले गेले.

ते खाल्लेले दात पाहिले तेव्हा आणखी एक गंमत दिसली. रिंगेवर सगळीकडे सारखी झीज नव्हती. सारख्या अंतरावर तीनच ठिकाणी दात खरवडले गेले होते; मधले दात जवळजवळ नव्यासारखे होते. याचे कारण विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून स्वतः शोधून पाहावे.

सहा सिलिंडरांच्या या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा वायू दाबतो. म्हणजे एका फेरीत तीन वेळा दाब येतो. इंजिन बंद केले की ते फिरत फिरत मंद होते, आणि अखेरीस एखाद्या दट्ट्यास आपला वायू दाबण्याइतका जोर उरत नाही. तेथेच ते थांबते. म्हणून ते कोठेही न थांबता, एका फेरीतील त्या तीन जागांच्या आसपासच थांबते, आणि दुसऱ्या दिवशी पिनियन पुन्हा त्याच दातांना भिडते. चार सिलिंडरांच्या इंजिनात अशा जागा दोन असतात. रिंगेच्या झिजेवरून इंजिनाचे सिलिंडर ओळखता येतात ते असे.

हे ज्ञान आम्हांस उपयोगी पडले. रिंग फ्लायव्हीलवर तापवून बसविलेली असते. ती तापवूनच काढता येते. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. रिंगेचा आतील व्यास सुमारे ३३० मिलिमीटर धरला आणि तिला २०० अंशांनी तापविले, तर व्यास सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढतो. एवढी फट सुटण्यास पुरते. मात्र लाल होईपर्यंत तापविल्यास दातांचे पाणी उतरते, आणि ते मऊ पडतात. तीन झिजलेल्या जागा परस्परांपासून १२० अंशांवर असल्यामुळे, रिंग ६० अंशांनी फिरवून बसविली की चांगले दात नेमके त्या तीन थांबण्याच्या जागी येतात. जुनीच रिंग अशा रीतीने कामाची ठरली.

बडोदे हे १८९० साली सयाजीराव महाराजांच्या राजवटीत कलाभवन निघून हातकामास विद्येचा मान मिळालेले गाव आहे. तेथे जुन्या वळणाचे कारागीर अद्याप सापडतात. एका वृद्ध लेथवाल्यांनी चारही छिद्रे पुन्हा गोल कोरून त्यांत पितळी बुश बसविले आणि नव्या पोलादी पिना कातून दिल्या. त्यांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पिना इतक्या घट्ट नकोत की परतीच्या स्प्रिंगला तरफ मागे खेचता येणार नाही. कारण इंजिन रबरी बैठकीवर हलते आणि पेडल गाडीच्या अंगाला जडलेले असते, तेव्हा दोहोंमध्ये थोडी मोकळीक हवीच. आणि एकेरी क्लच रॉकेलात बुडवून धुवू नये. त्याच्या आत कारखान्यातच वंगण भरून तो बंद केलेला असतो. रॉकेलाने ते विरघळून गेले की रूळ कोरडे पडतात, आणि साफ केलेला भाग आठवड्यात निकामी होतो. तो बाहेरून फडक्याने पुसावा, इतकेच.

परतीची स्प्रिंग नवी घातली. स्विचमधील तांब्याची चकती एका बाजूने करपली होती. ती उलटी करून बसविली. दुहेरी जाजम काढले. आणि ती डाख दिलेली लोखंडी चकती कानशीने घासून दूर केली.

बॅटरीच्या तारांची गोष्टही सांगितली पाहिजे. मागे कुणी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक तार वापरली होती. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढेच काम करण्यास दुप्पट प्रवाह लागतो. २०० अँपिअर प्रवाहाच्या मार्गात कोठे ओहमचा शंभरावा भाग जरी रोध असला, तरी ओहमच्या नियमाप्रमाणे २०० गुणिले ०.०१ म्हणजे दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. सहापैकी दोन गेले. मोटरच्या वाट्यास चारच उरले. म्हणून तार अंगठ्याएवढी जाड हवी, टोके घासून लख्ख केलेली हवीत, आणि इंजिन व सांगाडा यांना जोडणारी पट्टीही तितकीच जाड हवी.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र बॅटरीशिवाय झाली, आणि ती कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल इतकी सोपी आहे. स्टार्टर गाडीवर चढविण्यापूर्वी टेबलावर शिकंज्यात धरला. स्विचच्या दोन टोकांना एक लहान सेल व विजेरीचा दिवा जोडला. मग तरफ हाताने अगदी सावकाश ढकलली. पिनियन सरकत गेले, आपल्या पूर्ण जागी पोहोचले, आणि त्यानंतर तरफ आणखी किंचित पुढे जाताच दिवा लागला. दहा वेळा करून पाहिले. दहाही वेळा आधी पिनियन, मग दिवा. चकती असताना हाच दिवा पिनियन अर्ध्या वाटेवर असतानाच लागला असता.

त्या वर्षीच्या दसऱ्याला सकाळी गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घातली. मामांचा हात धरून मी त्यांना चालकाच्या जागी बसविले. चाकांना लाकडी ठोकळे लावले, हातब्रेक ओढला. गिअर मोकळा आहे याची मामांनी दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून स्वतः खात्री केली. कारण या जुन्या रचनेत गाडी गिअरमध्ये असताना पेडल दाबले तर तिला थांबविणारे काही नसते, ती सरळ पुढे उडी घेते. मग त्यांनी किल्ली फिरविली, पाय पेडलावर ठेवला आणि डोळे मिटले.

त्यांचा पाय थोडा खाली गेला आणि थांबला. गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा लहानसा आवाज आला. मग पाय पुढे गेला आणि इंजिन जडपणे फिरू लागले. पहिल्या वेळी ते सुरू झाले नाही. मामांनी पाय उचलला, थोडा वेळ थांबले. दुसऱ्या वेळीही नाही. घरातील सर्व मंडळी गप्प उभी होती, आणि मला त्या अर्ध्या दिवसाच्या बटणाची आठवण होऊ लागली. तिसऱ्या वेळी इंजिनाने दोन ठसके दिले आणि ते सुरू झाले. मामांचा पाय त्याच क्षणी पेडलावरून वर आला. पस्तीस वर्षांनंतरही तो उशिरा उचलला गेला नाही.

इंजिन पाच मिनिटे चालू होते. मग मामांनी ते बंद केले आणि म्हणाले, “दोन्ही पायऱ्या लागल्या. आता तू बस, आणि डोळे मीट.”

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरच्या नव्या पेट्रोल गाडीत पेडल नाही, पिना नाहीत, सळई नाही. परंतु बहुतेक गाड्यांत स्टार्टर मोटरवर एक विद्युच्चुंबक असतो. तुम्ही किल्ली फिरविता तेव्हा तो एक लोखंडी दट्ट्या आत खेचतो. तो दट्ट्या तरफेला ओढतो, तरफ पिनियनला दातांत नेते, आणि दट्ट्याचा प्रवास संपता संपता तोच मोटरची वीज जोडतो. पाय गेला, त्याच्या जागी चुंबक आला. क्रम मात्र तोच राहिला. जुने यंत्र दुरुस्त करण्याचा एक लाभ असा की, नव्या यंत्रात जे डब्यात झाकलेले असते ते येथे उघड्यावर पाहावयास मिळते, आणि हाताला व पायालाही कळते.

ती लोखंडी चकती आणि झिजलेली एक पिन मी जपून ठेवली होती. मामांच्या संमतीने दोन्ही वस्तू शाळेच्या प्रयोगशाळेस दिल्या आहेत. पिनेची झीज व्हर्नियरने मोजून पाहावी. चकती केवळ तीन मिलिमीटरची आहे. ती हातात घेऊन पाहावी.